‘गरमीने नकसीर फुटली’ एवढ्यावर विषय संपत नाही

मार्च लागला की वऱ्हाडातल्या शाळा सकाळच्या होऊ लागतात आणि वर्गात आठ-पंधरा दिवसांआड एक ओरड ठरलेली असते. मराठी शाळेत, ‘मॅडम, याचा घोळणा फुटला!’ आणि उर्दू शाळेत, ‘बाजी, इसकी नकसीर फूट गई!’ मी दोन्हीकडे शिकवले आहे. शब्द वेगळे, पुढचे सगळे सारखे. शेजारचा मुलगा त्याचे डोके मागे ढकलतो, दुसरा पाण्याची बाटली त्याच्या टाळूवर रिकामी करतो, तिसरी कांदा मागायला खिचडीच्या खोलीकडे पळते. ही सात-आठ वर्षांची मुले हे कुठून शिकली? घरून. दादीने केले, अम्मीने केले, आता ती करतात.

आणि घरी विचारले की एकच उत्तर मिळते: ‘गरमी झाली.’ मग अंडे बंद, गोश्त बंद, आंबा बंद, सब्जाचे पाणी सुरू. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उशी लाल.

गरमीची गोष्ट खोटी आहे असे नाही. अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी कलम १४४ लावले, एवढे सांगितले तरी पुरे. अमरावतीचीही तऱ्हा फार वेगळी नाही. पण उन्हाने अंगातले रक्त ‘तापते’ आणि नाकातून उतू जाते, असे काही होत नसते. होते ते इतकेच, की कोरड्या हवेने नाकाच्या आतली ओली, नाजूक त्वचा सुकते, तिला भेगा पडतात, खपल्या धरतात. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीतही नाके फुटतात. तेव्हा कुठे असते गरमी? फेब्रुवारी-मार्चमध्ये तूर-हरभरा निघत असताना थ्रेशरची धूळ, जिनिंगजवळच्या वस्त्यांत कापसाची भुकटी, यांनी नाक चुरचुरते, मूल बोट घालते आणि खपली निघते. लहान मुलांच्या नकसिरीचे सर्वांत मोठे कारण हे एवढेसे बोटच आहे. त्याच्या खालोखाल सर्दी आणि ॲलर्जी.

आता त्या शब्दाकडे बघा. मराठीत घोळणा म्हणजे नाकाचा खालचा मऊ, मांसल भाग. दोन नाकपुड्यांच्या मधला जो पडदा आहे, त्याच्या अगदी पुढच्या टोकाला चार-पाच बारीक रक्तवाहिन्या एकत्र येऊन जाळे करतात. लिटल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८७९ मध्ये आणि कीसेलबाख या जर्मन डॉक्टरांनी १८८४ मध्ये ही जागा दाखवून दिली आणि तिला त्यांचीच नावे मिळाली. मुलांच्या नाकातले रक्त बहुतेक वेळा इथूनच येते. म्हणजे जे फुटते ते घोळण्यातच फुटते, आणि दाबायचे तेही घोळणेच. आपल्या आजीच्या भाषेत जागा बरोबर सांगितलेली होती, इलाज मात्र डोक्यावर होत राहिला.

दाबायचे कसे, हे मी वर्गातल्या मुलांना करून दाखवते, कारण मोठी माणसेही हमखास चुकतात. मुलाला ताठ बसवायचे, मांडीवर किंवा खुर्चीवर. डोके मागे नाही, किंचित पुढे, जसे आपण परातीत वाकून बघतो तसे. मग आपल्या अंगठ्याने आणि बोटाने नाकाचा मऊ भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचा, वर जिथे चष्मा बसतो त्या हाडाखाली. हाडावर दाबून काही उपयोग नाही. हाड दबत नाही. मुलाने तोंडाने श्वास घ्यायचा आणि तोंडात रक्त आले तर वाटीत थुंकायचे. आणि आता सर्वांत अवघड भाग: घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटे चिमटी सोडायची नाही. दर मिनिटाला ‘थांबले का बघू’ म्हणून सोडून बघितले की जमत आलेली गुठळी निघते आणि पुन्हा सुरुवात. १० मिनिटे फार लांब वाटतात. मुलाला गोष्ट सांगा, पाढे म्हणवून घ्या, मोबाइलवर काही लावून द्या. त्या वेळेपुरता मोबाइलचा राग बाजूला ठेवा. बर्फाचा तुकडा चोखायला दिला तर चालतो. १० मिनिटांनी थांबले नसेल तर आणखी १० मिनिटे. त्यानंतरही वाहतच असेल तर दवाखाना.

डोके मागे केले की रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासे होते. ते घशातून पोटात जाते, मळमळते आणि थोड्या वेळाने मूल काळपट-तपकिरी उलटी करते. मग घरात खरा आकांत होतो. पुष्कळ घरांत नकसिरीपेक्षा या उलटीलाच लोक जास्त घाबरलेले असतात. निजवूनही ठेवू नका, त्याच कारणाने. आणखी एक, पांढऱ्या शर्टावर चमचाभर रक्त वाटीभर दिसते, त्यात पाणी मिसळले की आणखी. मुलाचा चेहरा आपला चेहरा बघून उतरतो.

राहिले घरगुती उपाय. डोक्यावर गार पाणी, टाळूवर ओली माती, यांनी नुकसान नाही, पण तेवढा वेळ नाक कोणी दाबत नाही, हे नुकसान. कांदा हुंगवला की मूल शिंकते. शिंक आली की थांबलेले रक्त पुन्हा सुरू. दूर्वांचा किंवा कोथिंबिरीचा रस नाकात सोडणे मला अजिबात मान्य नाही. फुटलेल्या जागेवर कच्चा रस म्हणजे जळजळ आणि जंतूंना दावत. कापसाचा बोळा आत खुपसला तर काढताना खपलीसकट निघतो. आणि तुपाचे थेंब? दादीचा हा उपाय अर्धा बरोबर आहे. ओलावा हवाच, पण डोके मागे करून पातळ तूप किंवा तेल लहान मुलाच्या नाकात ओतले तर ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते. ओलावा द्यायचा तो घट्ट मलमाने, थेंबांनी नाही.

वारंवार होणाऱ्या नकसिरीचा खरा इलाज इथेच आहे आणि तो इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. साधी पेट्रोलियम जेली, म्हणजे आपले व्हॅसलिन, मुगाच्या दाण्याएवढे करंगळीच्या टोकावर घेऊन नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागाला हलकेच लावायचे, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. खोल जायचे नाही. दोन ते चार आठवडे न चुकता. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, तेही चालतात. खपल्या पिवळसर आणि दुखऱ्या असतील तर जंतूंचा प्रादुर्भाव असतो. त्यासाठी मलम डॉक्टरांनी द्यावे. कापूर-मेंथॉलचा बाम नाकात घालू नये. सर्दी मोकळी करणारे थेंबही दुकानदाराच्या सांगण्यावरून लहानांना देऊ नयेत. ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी फवारा दिला असेल तर त्याचे तोंड मधल्या पडद्याकडे नको, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारला की ते आपोआप साधते.

नखे कापलेली असावीत. जुम्म्याला नखे काढण्याची रीत आपल्या घरांत आहेच, मुलांच्या बाबतीत ती टळू देऊ नका. बोट घातले म्हणून मारू नका. बरीच मुले झोपेत बोट घालतात, त्यांना कळतही नाही. कूलर असेल तर त्यातले पाणी संपू देऊ नका, कोरडा कूलर नुसती धूळ फेकतो. वुजूच्या वेळी नाकात तीनदा पाणी जाते, हा खरे तर ओलाव्याचा चांगला प्रकार आहे, पण मुले मोठ्यांचे बघून आत करंगळी फिरवतात आणि जोरात शिंकरतात. ज्याची नकसीर फुटते त्याला हळुवार करायला शिकवा. रक्त आले तर वुजूचे काय, हा प्रश्न घरात निघतोच: हनफी मतानुसार वाहते रक्त वुजू तोडते, शाफई मतानुसार तोडत नाही. मूल लहान असेल तर आधी रक्त थांबवावे, हिशेब नंतर. थांबल्यावर त्या दिवशी नाक शिंकरणे, उड्या, कुस्ती, कडक गरम चहा-शोरबा टाळावे.

आणि गोश्त-अंडे बंद करू नका. ज्या मुलाचे रक्त वारंवार जाते त्याला लोहाची गरज जास्त असते. कलेजी, खिमा, अंडे, डाळी, हिरव्या भाज्या, वर लिंबू. नेमके तेच ‘गरम’ म्हणून ताटातून काढले जाते आणि आधीच फिकट असलेले पोर आणखी फिकट होते.

इथपर्यंत जे सांगितले त्यात दहापैकी नऊ मुलांची गोष्ट संपते, असे समजायला हरकत नाही. पण ‘गरमी’ या शब्दाचा मला राग आहे तो उरलेल्या मुलासाठी.

रक्त गोठण्याची अंगची ताकदच कमी असणे, हा आजार नाकातूनच पहिल्यांदा दिसतो, असे पुष्कळदा होते. १९२४ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला डॉक्टरांकडे आणली गेली. नाकातून, ओठांतून, दात पडल्यावर हिरड्यांतून तिचे रक्त थांबत नसे, आणि तिच्या घराण्यातल्या आणखी कितीतरी जणांना हीच तक्रार होती. एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी तिच्या कुटुंबाची पिढ्यांमागे पिढ्या चौकशी केली आणि १९२६ मध्ये आजाराचे वर्णन छापले. आज जगात आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत हाच सर्वांत जास्त आढळतो आणि त्याला त्यांचेच नाव आहे. हिमोफिलिया मुख्यतः मुलांना होतो, हा मुलामुलींना दोघांनाही. ती मुलगी १३ व्या वर्षी गेली, पाळीच्या रक्तस्रावात. तिची फक्त चौथी पाळी होती.

म्हणून मुलगी असेल आणि तिची नकसीर सारखी फुटत असेल, तर अम्मी-खाला-फुफी-दादी यांनी एकदा बसून एकमेकींना विचारावे. कुणाची पाळी सात-आठ दिवसांहून जास्त आणि फार जाते का? बाळंतपणात कुणाला रक्त द्यावे लागले? दात काढल्यावर कुणाचे दिवसभर थांबले नाही? आपल्याकडे या गोष्टी बायका बायकांतही सांगत नाहीत. ‘आमच्या खानदानात सगळ्यांनाच जास्त जाते’ असे म्हणून ती खानदानाची तऱ्हाच समजली जाते. डॉक्टरांच्या दृष्टीने हे एक वाक्य दहा तपासण्यांइतके मोलाचे आहे. शिवाय रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या सरळ आल्या तरी हा आजार असू शकतो. त्यासाठी वेगळी तपासणी सांगावी लागते आणि ती सांगायची की नाही, हे डॉक्टर घरची हकिकत ऐकूनच ठरवतात.

नात्यातल्या लग्नांचा मुद्दाही इथे टाळता येत नाही. खालाजाद, चचाजाद भावंडांत लग्ने आपल्याकडे होतात, आणि मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या पुष्कळ हिंदू समाजांतही आहे, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवायचे कारण नाही. पण रक्ताचे काही आजार असे आहेत की दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते. विलेब्रांडच्या आजाराचा तीव्र प्रकार असा आहे. १९१८ मध्ये ग्लान्झमान या स्विस डॉक्टरांनी वर्णन केलेला, रक्तबिंबिका म्हणजे प्लेटलेट नीट न चिकटण्याचा आजारही तसाच. आई-बाप जवळच्या नात्यातले असतील तर तोच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. आई-बाप नात्यातले आहेत आणि मुलाचे रक्त लवकर थांबत नाही, एवढे सांगायला डॉक्टरांसमोर लाजू नका.

मुलांच्या बाबतीत एक प्रसंग खास आपल्या घरांतला आहे, खतन्याचा. ज्या मुलाला वारंवार नकसीर होते, लहान जखम फार वेळ वाहते, किंवा ज्याच्या मामाला वा मावसभावाला रक्त न थांबण्याचा त्रास होता, त्याचा खतना तपासणीशिवाय करू नये. मग तो डॉक्टर करो की घरी येणारा खलिफा. हे काही नव्या विज्ञानाने आपल्यावर लादलेले नाही. हजारएक वर्षांपूर्वी कुर्तुब्याचे जर्राह अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या ‘अत-तस्रीफ’ ग्रंथात अशा घराण्यांची नोंद केली आहे, ज्यांतले पुरुष किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरत. ते १०१३ च्या सुमारास वारले. हिमोफिलियाचे हे फार जुन्या वर्णनांपैकी एक मानले जाते. शस्त्रक्रियेवर एवढे मोठे काम करणाऱ्या माणसाने जे लिहून ठेवले ते आपल्या मोहल्ल्यात दावतीची तारीख ठरवताना कुणाच्या ध्यानात नसते. तपासणी झाली आणि आजार निघाला तरी खतना कायमचा रद्द होत नाही. रुग्णालयात, औषध हाताशी ठेवून तो करता येतो.

अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डे केअर केंद्र आहे. अकोल्याच्या लोकांना सर्वोपचार रुग्णालय जवळ पडते. तिथे कान-नाक-घसा आणि बालरोग हे दोन्ही विभाग आहेत. साध्या पण हट्टी नकसिरीत कान-नाक-घशाचे डॉक्टर फुटणाऱ्या रक्तवाहिनीला चांदीच्या क्षाराची कांडी लावून ती बंद करतात. मिनिटाभराचे काम असते, भूल देण्याची गरज बहुधा पडत नाही, पण मूल समजूतदार असावे लागते.

काही वेळा मात्र वाटच बघायची नसते. २० मिनिटे नीट दाबूनही रक्त थांबत नाही, डोक्याला मार लागल्यावर नाक वाहते, मूल पांढरे पडले, गळून गेले, अशा वेळी १०८ ला फोन करावा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची नकसीर कधीच ‘गरमी’ समजू नये, कारण त्या वयात ती सहसा होत नाही. अंगावर कारण नसताना निळे डाग, त्वचेवर लाल टिपके, हिरड्यांतून रक्त, बरेच दिवस ताप, गळ्यात गाठी यांपैकी काही सोबत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर तापात नाक फुटले तर डेंग्यूची तपासणी हवी, आणि तोवर तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असे धरून चाला: मणी, हरभऱ्याचा दाणा, खोडरबराचा तुकडा. चिमट्याने स्वतः काढायला जाऊ नका, आणखी आत जाते. खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटनासारखा सेल गेला असेल तर तासाभराचाही उशीर नको, तो आतला पडदा जाळतो. आणि वाढत्या वयाच्या, दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलाची एकच नाकपुडी कायम चोंदलेली असून तिच्यातून सारखे, भरपूर रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीने आत बघायला सांगा. त्या वयातल्या मुलांत नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची एक गाठ होते, क्वचित, पण होते.

डॉक्टरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. जुन्या वहीच्या पानावर लिहून न्या: कोणत्या तारखेला, कोणत्या नाकपुडीतून, घड्याळाने किती मिनिटे, झोपेत की खेळताना, त्या दिवशी सर्दी किंवा कोणते औषध होते का. मोबाइलवर उशीचा फोटो काढला असेल तर तोही. ‘खूप येते, नेहमी येते’ यातून डॉक्टरांना काही कळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला, आणि १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. पथकाला एका दिवसात वर्गच्या वर्ग तपासायचे असतात. नाक त्या दिवशी फुटलेले नसले तर त्यांना कळणार कसे? तेव्हा वर्गशिक्षकांना आधीच चिठ्ठी द्या. आमच्या शाळेत मी अशा चिठ्ठ्या हजेरीपटाच्या मागे लावून ठेवते. पथक येते त्या दिवशी त्या मुलांना रांगेत पहिले उभे करते, आणि ज्यांच्या घरून नात्याची किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावाची हकिकत आली असेल त्यांच्या नावापुढे पथकाला दिसेल अशी खूण करते.